मंडळाची वेबसाइट आणि पाच जणांत एक किल्ली

(गेल्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



काल रात्री इथे भजनाला जेवढी गर्दी होती तेवढी आज नाही, आणि का नाही तेही मला समजतं. 'वेबसाइटचं सॉफ्टवेअर बसवताना सर्व्हरवर खाती कशी उघडावीत' हे काही कीर्तनाचं आख्यान नव्हे. कार्यवाहांनी मला पाऊण तास दिला आहे. मी सरकारी नोकर आहे. दिलेल्या वेळेच्या आधी उठायची आम्हाला सवय असते, तेव्हा आरतीला उशीर होईल ही काळजी नको.

आपल्या मंडळाने वेबसाइट पुन्हा सुरू करायचं ठरवलं आहे. जुन्या स्मरणिका, नाटकांचे फोटो, आपल्या आज्यांनी म्हटलेली फुगडीची गाणी, आणि सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी काढलेले जे थोडे फोटो घराघरांत ट्रंकांत पडले आहेत ते, असं सगळं एका जागी ठेवायचं आहे. आज शाळेत जाणाऱ्या मुलांना आपल्या तालुक्याचं जुनं नाव सुपा होतं हे सांगावं लागतं. तेव्हा काम महत्त्वाचं आहे. पण 'पुन्हा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण एकदा ते करून झालं होतं, मीच केलं होतं, आणि ते कसं बुडालं हे सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलता येणार नाही.

त्या वेळी मी वर्डप्रेस नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ते सुरू केलं; फुकट मिळतं आणि जगात सगळ्यात जास्त वेबसाइटी त्यावर चालतात. पाच मिनिटांत बसतं अशी त्याची ख्याती. मला एक शनिवार आणि एक रविवार लागला, त्यातला निम्मा वेळ वीज येण्याची वाट बघण्यात गेला. शेवटी त्याने विचारलं, मुख्य वापरकर्त्याचं नाव काय? मी लिहिलं, 'ॲडमिन'. पासवर्ड काय? सांगायला लाज वाटते, पण बाप्पाचं नाव आणि पुढे त्या वर्षाचा आकडा. मग तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला कार्यवाहांना, खजिनदारांना, फोटो चढवणाऱ्या एका मुलाला आणि आपल्या मास्तरांना, कारण मराठी टंकलेखन त्यांच्याइतकं शुद्ध कुणाचं नाही. माझ्यासकट पाच जण, आणि पाचांत एकच किल्ली. तेव्हा वाटलं होतं, घरचंच तर काम आहे.

दोन वर्षं बरी गेली. मग सभागृहाच्या छपरासाठी जमवलेल्या देणग्यांची यादी आपण वेबसाइटवर लावली. त्या यादीत एका घराण्याच्या नावापुढे ५,००१ च्या जागी ५०१ झालं. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने ते मोबाइलवर पाहिलं आणि घरी फोन केला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, निदान पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना. पावतीपुस्तकात आकडा स्वच्छ होता, पैसे बँकेत जमा होते, एक रुपया कुठे गेला नव्हता. पण चारचौघांत नाव आलं की आकड्याला वेगळीच धार येते. सभा बसली. मला विचारलं, हे कुणी केलं ते संगणक सांगतो ना? मी तपासलं. वर्डप्रेस प्रत्येक बदलाची जुनी प्रत जपून ठेवतं, त्यामुळे बदल सापडला. आधी ५,००१ होतं. चतुर्थीच्या आदल्या बुधवारी रात्री नऊ चाळीसला ते ५०१ झालं. आणि कुणी केलं याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ॲडमिन'.

म्हणजे आम्हा पाचांपैकी कुणीतरी.

मास्तरांचं आणि त्या घराण्याचं शेताच्या बांधावरून जुनं वाकडं होतं. सभेत कुणी मास्तरांचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही, सगळ्यांनी एकदम खाली बघितलं. मास्तरांजवळ 'मी नाही' एवढं म्हणण्यापलीकडे काहीही नव्हतं, आणि ते म्हणायलाही ते थांबले नाहीत. तीन गणपती ते या सभागृहात आले नाहीत.

आता जे सांगतो ते त्या सभेत सांगायला हवं होतं. त्या बुधवारी रात्री मी काय करत होतो ते मला आठवत नाही. मीही त्याच नावाने आत जात होतो आणि याद्यांमध्ये आकडे नीट रांगेत आणायचं काम माझंच होतं. ते शून्य माझ्या बोटाखालून निसटलं नसेल असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही. तेव्हा मी यादी दुरुस्त केली आणि गप्प बसलो. आज मास्तर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांना आधी विचारूनच मी हे बोलतोय, आणि म्हणूनच हा रुक्ष विषय मी स्वतःहून मागून घेतला.

पुढे त्या साइटला कुणी हात लावेना. वार्षिक नूतनीकरणाची सूचना माझ्या खाजगी ईमेलवर आली. कारण ते खातंही मी माझ्याच नावाने काढलं होतं. मी ती वेळेवर उघडली नाही. साइटचं नाव गेलं, त्याबरोबर सगळं गेलं. फोटो होते घरोघरी, ते पुन्हा जमतील. पण दोन आज्यांच्या आवाजातली गाणी होती, त्या आज्या आता नाहीत.

तर खात्यांचा विषय. संगणकात 'अकाउंट' म्हणतात ते आपण खातंच म्हणू, वहीतल्या खात्यासारखं. कुणाच्या नावे काय, हे त्यावरून कळतं. ही पद्धत माझ्या वयापेक्षाही जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एक मोठा संगणक एकाच वेळी अनेकांना वापरता येईल अशी व्यवस्था केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून त्यांनी प्रत्येकाला पासवर्ड दिला. संगणकाला पासवर्ड लागला तो तिथून पुढे.

त्याच संगणकावर १९६६ साली एक फजिती झाली. फाइल दुरुस्त करायचा त्यांचा जो प्रोग्राम होता, तो काम चालू असताना एक तात्पुरती फाइल करायचा आणि तिला नेहमी एकच नाव द्यायचा. एका खात्यात एका वेळी एकच माणूस असणार हे गृहीत होतं, तोवर यात काही बिघडत नव्हतं. पण व्यवस्था सांभाळणाऱ्यांना सोय हवी होती म्हणून त्यांच्या खात्यात एकाहून अधिक जणांना एकाच वेळी शिरायला मोकळीक दिली गेली. एके दिवशी एकजण आत आलेल्या प्रत्येकाला दिसणारी सूचना लिहीत होता आणि दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करत होता. दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कुणी संगणकावर आला त्याच्यासमोर सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले! एवढ्या हुशार लोकांचं एक खातं सामाईक केल्यावर हे झालं, तर आपण पाच जण कोण.

दुसरं उदाहरण आपल्या घराजवळचं. पहाणी काढायला आपण सगळेच जातो. उत्तर कन्नड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणून आपल्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'उतारा'च आहे. कर्नाटक सरकारने २००० सालाच्या आसपास 'भूमी' योजनेत हे उतारे संगणकावर घेतले. १७६ तालुके, सुमारे ६७ लाख जमीनधारक, दोन कोटी उतारे. त्याआधी ते हाताने लिहिलेले असत आणि गावोगावच्या सुमारे ९,००० ग्रामलेखापालांच्या ताब्यात असत. कुठली ओळ कधी खोडली आणि कुणी वर लिहिली, हे विचारायची सोय नव्हती. 'भूमी'चं सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, केलं. त्यात एक गोष्ट त्या काळाच्या मानाने नवी होती. फेरफार करणाऱ्या कर्मचाऱ्याला नुसत्या पासवर्डवर आत जाता येत नसे, यंत्रावर स्वतःचं बोट टेकवावं लागे. पासवर्ड शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगता येतो, बोट देता येत नाही. कुणी, कधी, कुठल्या फेरफाराला मंजुरी दिली याची नोंद त्याच्या नावावर राहते.

लोकांना वाटतं हे चोर पकडायला आहे. असेलही. पण मी कचेरीत वीस वर्षं काढली आहेत. आणि मला दिसलं ते असं की सरळ काम करणाऱ्या कारकुनाला त्याचा जास्त आधार असतो. उद्या कुणी बोट दाखवलं तर त्याला आपल्या नावाची नोंद उघडून दाखवता येते. मास्तरांना त्या दिवशी नेमकं हेच दाखवता आलं नाही, कारण मी त्यांना स्वतःच्या नावाचं खातंच दिलं नव्हतं.

आता यंदा काय करायचं ठरवलं आहे ते सांगतो. इथे जरा तांत्रिक आहे, पण मी पायरीपायरीने जातो.

सगळ्यात आधी येतं ते भाड्याचं खातं. आपला सर्व्हर या सभागृहात नसतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसदिवस नसते, आणि तालुक्यात अजून अशा वाड्या आहेत जिथे फोन लागावा म्हणून टेकाडावर जावं लागतं. सर्व्हर म्हणजे दूर शहरात चोवीस तास चालू असलेला, आपण भाड्याने घेतलेला संगणक. त्याचा आणि वेबसाइटच्या नावाचा करार मंडळाच्या नावाने हवा, मंडळाच्याच ईमेलवर, आणि नूतनीकरणाची तारीख खजिनदारांच्या वहीत. हे खातं बाकी सगळ्या खात्यांच्या वर असतं. ते गेलं की खालची कितीही नीट असोत, उपयोग नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

मग प्रत्यक्ष सर्व्हर. त्यावर बहुधा लिनक्स असतं, आणि लिनक्सवर 'रूट' नावाचं एक खातं जन्मापासून असतं. रूटला अडवणारं कुणी नाही. चुकीची आज्ञा दिलीत तर तो विचारणार नाही, 'साहेब, नक्की का?' सगळा सर्व्हर पुसून टाका म्हटलं तर पुसून मोकळा. शिवाय जगातल्या प्रत्येक चोराला ते नाव ठाऊक असतं, त्याला फक्त पासवर्ड शोधायचा असतो. म्हणून सर्व्हर हातात आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे स्वतःच्या नावाचं साधं खातं काढायचं, मोठं काम असेल तेव्हाच त्याला 'सुडो' या आज्ञेने तात्पुरता अधिकार मिळेल असं करायचं, आणि रूटला बाहेरून येण्याचं दार बंद करायचं. सुडोने केलेल्या कामाची नोंदही राहते, कुणी केलं त्याच्या नावासकट. सर्व्हर सांभाळणारे आपण दोघं असू. मी आणि हुबळीला नोकरी करणारा आपला एक मुलगा. दोघांची दोन खाती.

पुढचं खातं ऐकून तुम्हाला गंमत वाटेल, कारण ते कुठल्याच माणसाचं नाही. वेबसाइटची पानं लोकांना वाढणारा जो प्रोग्राम असतो, त्याला स्वतःचं खातं असतं. उबुंटूवर त्याचं नाव असतं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'. त्याला पासवर्ड नसतो, त्या नावाने कुणी येऊन बसत नाही. देवळातल्या पंगतीत वाढप्याला भांडारघराची किल्ली देत नाहीत, जे वाढायचं तेवढं त्याच्या हातात देतात, तसंच हे. उद्या कुणी बाहेरून या वाढप्याला फितवलं तरी त्याच्या हातात असलेल्या भांड्यापुरतंच नुकसान.

पण नवशिके लोक इथे एक चूक हमखास करतात, मीही केली होती. फोटो चढत नाही, 'परवानगी नाही' असं येतं. मग कुणीतरी सांगतं, ७७७ करून टाक. या आकड्यांत पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. वाचायला चार, लिहायला दोन, चालवायला एक, बेरीज सात. म्हणजे ७७७ केलं की वाचणं, लिहिणं, चालवणं सगळ्यांना मोकळं. फोटो लगेच चढतो, आणि गोठ्याचं दार सताड उघडं राहतं. फोल्डरांना ७५५ आणि फायलींना ६४४ पुरतं. फोटो चढत नसेल तर फाइल कुणाच्या मालकीची आहे ते बघायचं. दुखणं बहुतेक वेळा तिथे असतं.

त्यानंतर डेटाबेस, म्हणजे जिथे सगळा मजकूर खरोखर साठतो ती वखार. तिथेही एक वेगळा 'रूट' असतो. नाव तेच, पण सर्व्हरच्या रूटशी त्याचा संबंध नाही. वर्डप्रेसला आत जायला डेटाबेसचं नाव, खात्याचं नाव आणि पासवर्ड लागतो, आणि तो एका फाइलमध्ये उघड लिहिलेला असतो. आळस करून तिथे रूटचा पासवर्ड लिहिला, तर ती एक फाइल कुणाच्या हाती लागली की सगळी वखार गेली. म्हणून या साइटसाठी नवीन डेटाबेस, त्यासाठी नवीन खातं, आणि त्या खात्याला त्याच एका डेटाबेसपुरता अधिकार, तोही त्याच सर्व्हरवरून. पासवर्ड लांबलचक आणि अर्थहीन. तो कुणी पाठ करायचा नसतोच, तेव्हा बाप्पाला मध्ये आणायचं कारण नाही.

आणि आता ते पान, जिथे मी गेल्या वेळी 'ॲडमिन' लिहिलं होतं. २०१० च्या आधी वर्डप्रेस स्वतःच ते नाव देत असे, त्यानंतर आपल्याला हवं ते देता येतं. मी सवयीने तेच दिलं. एप्रिल २०१३ मध्ये हजारो संगणक एकत्र वापरून जगभरच्या वर्डप्रेस साइटींवर हल्ला झाला होता. ते यंत्र 'ॲडमिन' हे नाव धरून एकामागून एक पासवर्ड लावून बघत होतं. निम्मं कुलूप लोकांनी आधीच उघडून ठेवलेलं होतं.

यंदा ॲडमिनिस्ट्रेटर दोन असतील, स्वतःच्या नावाने. एकच असला आणि तो आजारी पडला तर साइट अडून राहते, आणि पाच असले तर काय होतं ते आपण पाहिलं. वर्डप्रेसमध्ये त्याखाली चार दर्जे आहेत. एडिटर सगळ्यांचा मजकूर तपासून प्रसिद्ध करू शकतो. ऑथर फक्त स्वतःचा प्रसिद्ध करतो. कॉन्ट्रिब्युटर लिहितो, पण प्रसिद्ध दुसऱ्याने करायचं. सबस्क्रायबरला नुसतं आत येता येतं. आपले कार्यवाह एडिटर असतील. अध्यक्षांना मी कॉन्ट्रिब्युटर ठेवलं आहे. हसू नका, त्यांनी स्वतः सांगितलं तसं. लोकांना वाटतं की मानाप्रमाणे अधिकार द्यावा. मग ज्याला काही करायचं नाही त्याच्याकडे सगळ्यात मोठी किल्ली पडून राहते आणि एक दिवस नातवाच्या हाती लागते.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि आपल्यासारख्या मंडळात ती येणारच. माणूस गाव सोडतो, मंडळ सोडतो किंवा जग सोडतो. त्याचं खातं काढून टाकायला गेलं की वर्डप्रेस विचारतं, याने लिहिलेलं सगळं पुसू की दुसऱ्या कुणाच्या नावावर करू? घाईत पहिलं निवडलं तर त्या माणसाचे सगळे लेख गेले. दुसरं निवडलं तर लेख राहतात, पण खाली नाव दुसऱ्याचं लागतं. मला दोन्ही पटत नाही. तिथे तिसरीही सोय आहे. खातं ठेवायचं, दर्जा काढून घ्यायचा आणि पासवर्ड बदलायचा. त्याला आत येता येत नाही, पण लेखाखाली त्याचं नाव राहतं. वारलेल्या सभासदांच्या बाबतीत आपण असंच करायचं, असं कार्यकारिणीने ठरवून इतिवृत्तात लिहावं ही माझी विनंती आहे.

भाड्याच्या खात्याचा पासवर्ड आणि सर्व्हरची आणीबाणीची किल्ली लखोट्यात बंद करून, वर दोघांच्या सह्या घेऊन, मंडळाच्या कपाटात राहील. लखोटा उघडला तर कुणी आणि का, ते त्याच कपाटातल्या वहीत लिहायचं.

देणगीदारांची यादी पुन्हा टंकायची आहे, छपराची आणि यंदाची दोन्ही. परवा संध्याकाळी मी त्यासाठी मास्तरांच्या घरी गेलो होतो. चहा झाला, बराच वेळ पावसावर बोलणं झालं. मग ते म्हणाले, "टंकीन. पण माझ्या नावाने."

आरतीनंतर मी मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसतो. ज्यांची नावं फलकावर लावली आहेत त्यांनी आपला मोबाइल घेऊन यावं, पडताळणीचा आकडा त्यावर येईल. फोन फक्त खिडकीजवळ लागतो, तेव्हा एकेक करून या. पासवर्ड तुमचा तुम्ही टंकायचा, मी तोंड फिरवून बसेन, आणि नंतरही तो मला सांगायचा नाही. वीज गेली तर उद्या सकाळी दहाला.